चिमटीतले सात गुंठे

काळ्या चिकण मातीतल्या मुख्य खनिजाचं नाव मॉन्टमोरिलोनाइट. हे शुद्ध खनिज एक ग्रॅम, म्हणजे चिमटीत येईल एवढं घेतलं आणि त्याच्या प्रत्येक कणाचा प्रत्येक पृष्ठभाग मोजला, तर बेरीज ७०० ते ८०० चौरस मीटर भरते. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. चिमटीत सातेक गुंठे! शेतातल्या मातीत वाळू, गाळ आणि चुनखडीही मिसळलेली असते, त्यामुळे तिचा आकडा याहून कमी असतो. तरी निम्मी चिकण असलेल्या मातीच्या ग्रॅमभरातून तीनेक गुंठे निघू शकतात.

मावळात, पुरंदरात, जुन्नर-आंबेगावच्या डोंगरपायथ्याला, मराठवाड्यातल्या चढउताराच्या गावांत अनेकांच्या घरामागे अशा मातीचा एखादा गुंठा पडून असतो. जागा उताराची असते. पावसाळ्यात पाय घोट्यापर्यंत रुततो, उन्हाळ्यात कुदळ मारली तर ती उसळून परत येते. ‘इथं कुठं भाजी व्हायची?’ असं म्हणून लोक ती जागा गवतावर सोडतात. मला ही जागा सोडून देण्याची नाही, हाती घेण्याची वाटते. चिकण मातीचा दोष असा, की ती पाणी सोडत नाही. उताराचा दोष असा, की तो पाणी थांबू देत नाही. नीट मांडणी केली, तर हे दोन दोष एकमेकांचं औषध ठरतात. ते कसं, हे समजून घेण्यातच सगळी गंमत आहे.

दगडाची माती झाली, तेव्हा

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हारसाचे थरावर थर पसरले आणि त्यांचा बसाल्ट झाला. या काळ्या खडकातली खनिजं ऊन, पाऊस आणि मुळांमधून पाझरणाऱ्या सौम्य आम्लांनी हळूहळू विरघळली. त्यांच्यातलं सिलिकॉन, ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियम नव्या रचनेत पुन्हा एकत्र आलं. ही नवी रचना म्हणजे अतिपातळ पापुद्रे. एका पापुद्र्याची जाडी मिलिमीटरचा दहा लाखावा भाग, एक नॅनोमीटर. पोथीच्या पानांप्रमाणे ते एकावर एक बसलेले असतात आणि त्यांच्या मधल्या फटीत पाणी शिरू शकतं. पाणी शिरलं की पानं एकमेकांपासून दूर सरतात आणि माती फुगते. पाणी गेलं की पानं जवळ येतात, माती आक्रसते आणि जमिनीला भेगा पडतात. मे महिन्यात काळ्या रानात हात जाईल एवढ्या भेगा दिसतात, त्या म्हणजे अशा नॅनोमीटरभर अब्जावधी हालचालींची बेरीज आहे.

या भेगांतून आणखी एक गोष्ट घडते. वरची भुसभुशीत माती, पालापाचोळा, जनावरांच्या खुरांनी उडालेली धूळ भेगांत पडते. पाऊस आला की माती फुगून भेगा मिटतात आणि वरचं ते सगळं खाली गाडलं जातं. खालच्या मातीवर दाब येतो, ती वर सरकते. वर्षानुवर्षं ही उलथापालथ चालू राहते, म्हणून काळी जमीन स्वतःच स्वतःला नांगरते असं म्हणतात.

पापुद्र्यांच्या रचनेत काही ठिकाणी ॲल्युमिनियमच्या जागी मॅग्नेशियम बसलेलं असतं. त्यामुळे प्रत्येक पापुद्र्यावर थोडा ऋण विद्युतभार राहतो. हा भार कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅश आणि अमोनियमच्या धनभारित कणांना धरून ठेवतो आणि मुळांनी मागणी केली की सोडतो. रेताड जमिनीत टाकलेलं खत दोन जोरदार पावसांत निघून जातं. चिकण मातीत त्याला टेकायला ग्रॅमामागे काही गुंठ्यांची जागा असते. पाण्याचंही तसंच. मीटरभर खोल भारी काळ्या मातीत पिकाला घेता येईल असं साधारण १५० ते २०० मिलिमीटर पाणी मावतं. मंगळवेढ्याची रब्बी ज्वारी पावसाळा संपल्यावर पेरली जाते आणि बरीचशी या साठ्यावरच वाढते.

मग अडचण कुठं आहे? अडचण हवेची आहे. मुळं श्वास घेतात. काळी माती कोरडी असताना पहिला पाऊस भेगांमधून घटाघटा पिते. भेगा मिटल्या आणि माती पूर्ण फुगली, की तिच्यात पाणी मुरण्याचा वेग तासाला मिलिमीटरच्याही खाली येतो. मातीतली बारीकसारीक पोकळी पाण्यानं भरून जाते, हवा बाहेर पडते आणि टोमॅटो, मिरची उभ्या पाण्यात पिवळ्या पडतात. सपाट काळ्या रानात पावसाळी भाजीची ही सर्वांत मोठी भीती असते. आणि इथंच उतार मदतीला येतो.

उतारावर पाऊस काय करतो

एका गुंठ्यावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे सुमारे १०० लिटर पाणी. एखाद्या संध्याकाळी ५० मिलिमीटर पाऊस पडला, तर त्या गुंठ्यावर पाच हजार लिटरचा टँकर रिकामा झाला. या पाण्याचा पहिला मार वरून येतो. पाच मिलिमीटर व्यासाचा टपोरा थेंब सेकंदाला जवळजवळ नऊ मीटर वेगानं, म्हणजे ताशी ३० किलोमीटरहून अधिक वेगानं जमिनीवर आदळतो. उघड्या मातीवर तो छोटा खड्डा पाडतो आणि कण चारी बाजूंना उडवतो. उतारावर उडालेले कण वरच्या बाजूपेक्षा खालच्या बाजूला जास्त लांब पडतात. पाणी वाहायच्या आधीच माती उतरू लागलेली असते.

मग ते वाहतं. वाहत्या पाण्याचा एक नियम थक्क करणारा आहे: प्रवाहाचा वेग दुप्पट झाला, की तो ढकलू शकेल अशा दगडाचं वजन ६४ पट होतं. याचा अर्थ असा, की पाण्याचा वेग निम्मा करता आला, तर त्याची ताकद निम्म्याहून कितीतरी खाली येते. उतारावरच्या भाजीच्या वाफ्याची सगळी विद्या या एका वाक्यात आहे. पाण्याला हळू चालायला लावायचं.

डोंगराकडे नीट पाहिलं, तर पाण्यानं काय केलं ते रंगांत लिहिलेलं दिसतं. माथ्याला मुरमाड, तांबूस, हलकी जमीन. मधल्या टप्प्यावर मध्यम काळी. पायथ्याला भारी काळी. बारीक कण हजारो वर्षं खाली उतरत राहिले आणि तळाशी साठले. म्हणून परसातल्या उतारावरही वरच्या आणि खालच्या कोपऱ्यातली माती एकच असेल असं धरू नये. दोन बरण्यांत दोन ठिकाणची माती घ्यावी, पाणी घालून हलवावी आणि ठेवून द्यावी. जाड वाळू मिनिटभरात तळाशी बसते. दोन मायक्रॉनचा चिकण कण दहा सेंटिमीटर खाली यायला सुमारे आठ तास घेतो आणि त्याहून बारीक कण दिवसेंदिवस तरंगत राहतात. दुसऱ्या दिवशी बरणीतल्या थरांची जाडी पाहिली, की कोणत्या कोपऱ्यात किती चिकण आहे ते कळतं. प्रयोगशाळेची चिठ्ठी यायच्या आधी मातीची ओळख होते.

शंभर वर्षांचा धडा

महाराष्ट्रात कोरडवाहू जमिनीवर शास्त्रीय काम सुरू झालं ते १९२३ साली, पुण्याजवळच्या मांजरीला. पुढे १९३३मध्ये सोलापूरला संशोधन केंद्र उभं राहिलं. १९४२च्या मुंबई जमीन सुधारणा कायद्यानंतर बांधबंदिस्तीची कामं मोठ्या प्रमाणात झाली. समतल रेषेवर बांध घालायचा, पाणी तिथंच अडवायचं. हलक्या आणि मध्यम जमिनीत हा उपाय चांगला लागू पडला. खोल काळ्या जमिनीत मात्र अडचण आली. उन्हाळ्यात बांधालाच भेगा पडायच्या आणि पहिल्या मोठ्या पावसात तिथून तो फुटायचा. जिथं टिकायचा, तिथं मागं पाणी तुंबून पीक सडायचं. म्हणून भारी काळ्या जमिनीसाठी पूर्ण समतल बांधाऐवजी किंचित ढाळ दिलेला बांध सुचवला जाऊ लागला.

हैदराबादजवळ पाटनचेरूला १९७२मध्ये इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था सुरू झाली. तिथल्या शास्त्रज्ञांनी हाच विचार पुढं नेऊन रुंद वरंबा सरीची पद्धत बसवली. एक मीटर रुंद वरंबा, शेजारी अर्धा मीटर सरी, आणि सरीला शंभर मीटरमागे ४० ते ८० सेंटिमीटर ढाळ. वरंब्यावरच्या मुळांना हवा मिळते, सरीतलं पाणी मुरत मुरत पुढं जातं आणि जास्तीचं पाणी माती न नेता बाहेर पडतं. मराठवाड्यात आणि विदर्भात सोयाबीनचे शेतकरी आज ट्रॅक्टरच्या बीबीएफ यंत्रानं पेरतात, ती हीच रचना. घरामागच्या गुंठ्यात ती कुदळ-फावड्यानं करता येते. ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ ही घोषणा आपण सगळे ऐकत मोठे झालो. चिकण उतारावर तिला तिसरं पाऊल जोडावं लागतं: उरलेलं पाणी सावकाश बाहेर चालवा.

दोन काठ्या आणि एक दगड

समतल रेषा डोळ्यांनी दिसत नाही. उतारावर उभं राहिलं की डोळा हमखास फसतो. पण ती शोधायचं साधन जवळजवळ फुकट मिळतं. दोन मीटरच्या दोन सरळ काठ्या वर बांधायच्या, खाली त्यांचे पाय दोन मीटर फाकवायचे, मध्ये एक आडवी पट्टी ठोकायची आणि वरच्या गाठीतून दोरीला दगड लटकवून ओळंबा करायचा. ही झाली ए-फ्रेम. पाणी फाउंडेशनच्या शिबिरांत हजारो गावकरी ती वापरायला शिकले.

तिच्यातली सुंदर गोष्ट अशी, की काठ्या थोड्या लहानमोठ्या असल्या तरी चालतं. फ्रेम जमिनीवर ठेवा, दोन्ही पायांच्या जागी खुणा करा आणि दोरी आडव्या पट्टीला जिथं लागते तिथं रेघ मारा. मग फ्रेम फिरवून पायांची अदलाबदल करा, डावा उजव्याच्या खुणेवर आणि उजवा डाव्याच्या. पुन्हा रेघ मारा. या दोन रेघांचा मध्य म्हणजे खरी पातळी. फ्रेमची चूक पहिल्या वेळी एका बाजूला पडते, दुसऱ्या वेळी तितकीच दुसऱ्या बाजूला, आणि मध्यावर ती नाहीशी होते. वाकड्या साधनानं सरळ माप काढण्याची ही युक्ती पाहून मला प्रत्येक वेळी आनंद होतो.

आपल्याला हवा आहे हलका ढाळ, दहा मीटरला चार सेंटिमीटर. पायांमधलं अंतर दोन मीटर आहे, म्हणून पाणी ज्या दिशेनं काढायचं त्या बाजूच्या पायाखाली आठ मिलिमीटर जाडीचा लाकडी तुकडा बांधायचा. आता दोरी मध्यावर आली, की तुमची रेषा नेमक्या ढाळावर आहे. पाऊल पाऊल पुढं जात खुंट्या ठोका. रेषा वळणं घेत जाईल. ती वळणं तशीच राहू द्या, ती तुमच्या जमिनीचा खरा आकार दाखवतात.

किती माती हलवायची

उताराची जागा पाहिली की पहिला विचार जेसीबी बोलावून सगळं सपाट करण्याचा येतो. तो टाळावा. साधा हिशेब करू. दहा मीटर बाय दहा मीटरचा गुंठा आहे आणि उतार दहा टक्के, म्हणजे वरच्या कडेपासून खालच्या कडेपर्यंत एक मीटर फरक. सगळा गुंठा एकाच पातळीत आणायचा, तर वरच्या कडेला अर्धा मीटर खणावं लागतं आणि साडेबारा घनमीटर माती हलते. वरची सुपीक माती खाली गाडली जाते आणि वर उघडा मुरूम राहतो. तोच गुंठा दीड-दीड मीटरच्या पायऱ्यांत मांडला, तर दोन पायऱ्यांमधला फरक पंधरा सेंटिमीटर, सर्वांत खोल खणणं साडेसात सेंटिमीटर, आणि एकूण हलणारी माती दोन घनमीटरांहून कमी. सुपीक थर जिथल्या तिथं राहतो. पायरी जितकी अरुंद, तितकं काम कमी. इक्रिसॅटचा एक मीटर वरंबा आणि अर्धा मीटर सरी इथं बरोबर बसते.

पायऱ्यांच्या कडांना गवती चहा किंवा वाळा लावावा. वाळ्याची मुळं दोन-तीन मीटर सरळ खाली जातात आणि शेजारच्या वाफ्यात घुसत नाहीत. दगड उपलब्ध असतील, तर सिमेंटशिवाय रचलेली ताल उत्तम. तिच्या फटींतून पाणी पाझरतं, म्हणून फुगलेल्या मातीचा आणि तुंबलेल्या पाण्याचा दाब तिच्यामागे साठत नाही. पक्की भिंत बांधलीच, तर तिला पाणी जायला भोकं ठेवावीत. सर्वांत वरच्या वाफ्याच्या वर एक आडवा चर हवाच, डोंगरावरून येणारं पाणी बाजूला वळवायला. प्रत्येक सरीच्या टोकाला दगड पसरून सांडवा करावा. उतार वीस टक्क्यांपुढं असेल, तर तिथं भाजीचा हट्ट नको. फळझाडं आणि गवत लावावं.

तुरटी, गांडूळ आणि वाफसा

मांडणी झाली. आता मातीच्या आतलं काम. गढूळ पाण्यात तुरटी फिरवली की पाणी निवळतं, हे घरोघरी माहीत आहे. तुरटीतल्या ॲल्युमिनियमवर मोठा धनभार असतो. तो ऋणभारित चिकण कणांना एकत्र आणतो, त्यांचे पुंजके होतात आणि तळाशी बसतात. जमिनीत हेच काम कॅल्शियम करतं. कणांचे पुंजके होतात, पुंजक्यांची कणीदार माती होते, आणि कण्यांच्या मधून हवा खेळते. कॅल्शियमच्या जागी सोडियम वाढला, की उलट घडतं. कण सुटे होतात, जमीन चोपण होते. नीरा आणि कृष्णेच्या काठी अती पाण्यामुळे खराब झालेल्या जमिनी हेच सांगतात. जिप्समचा उपयोग अशा चोपण जमिनीला. बसाल्टच्या निरोगी काळ्या मातीत कॅल्शियम मुळातच भरपूर असतं.

चिकण मातीत वाळू मिसळण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. थोडी वाळू घातली, तर चिकण तिच्याभोवती घट्ट बसते आणि वाळल्यावर वाफा दगडाइतका कडक होतो. खरा उपाय सेंद्रिय पदार्थांचा आहे. शेणखत, कंपोस्ट, गिरिपुष्पाचा पाला, भाजीचा काडीकचरा. ते खाणारे जीवाणू चिकट द्रव्य सोडतात, बुरशीचे तंतू कण्या बांधून ठेवतात आणि गांडुळं बोगदे काढतात. चार्ल्स डार्विननं १८८१च्या आपल्या पुस्तकात नोंदवलं, की इंग्लंडमध्ये अनेक ठिकाणी एकरी वर्षाला दहा टनांहून अधिक माती गांडुळांच्या पोटातून जाऊन वर येते. आपल्या उष्ण हवेत सेंद्रिय पदार्थ झपाट्यानं कुजतात, म्हणून ते दरवर्षी घालावे लागतात.

सह्याद्रीच्या उतारावर भाताची खाचरं आहेतच. तीही पायऱ्या आहेत, मातीही चिकण. पण भात लावणारा शेतकरी चिखलणी करून मातीच्या कण्या मुद्दाम मोडतो, कारण त्याला पाणी उभं हवं असतं. भाजीवाल्याला नेमकं उलट हवं. म्हणून ओल्या वाफ्यात पाय ठेवणं म्हणजे नकळत चिखलणी करणं. वाफा एक मीटर रुंदच ठेवायचा, दोन्ही बाजूंच्या सऱ्यांतून हात पोचतो. खुरपं-कुदळ चालवायची ती वाफशावर. मूठभर माती दाबा. गोळा होऊन, अंगठ्यानं टोचल्यावर भुगा झाला तर वाफसा आहे. लांबट वळी होत असेल तर थांबा. ढेकूळ फुटतच नसेल तर वेळ निघून गेली. काळ्या जमिनीत ही योग्य वेळ फार थोडी टिकते. तिची वाट पाहता येणं हे या मातीतलं सर्वांत मोठं कौशल्य आहे.

पहिल्या वर्षी काय लावायचं

रेषा मे महिन्यात आखून घ्याव्यात. वळवाच्या पावसानंतर वाफसा आला की पायऱ्या कराव्यात. पहिला पावसाळा मातीला द्यावा. ताग पेरून फुलोऱ्यावर येताच, साधारण दीड महिन्यानं, वाफ्यातच गाडावा. कडेला चार तुरी लावाव्यात. तुरीचं सोटमूळ घट्ट थर फोडत खाली जातं आणि कुजल्यावर पाण्याला आणि हवेला वाट ठेवून जातं. भाजी हवीच असेल, तर उंच वरंब्यावर भेंडी, गवार, चवळी, आणि पायरीच्या कडेला मांडवावर दोडका, कारलं, दुधी. टोमॅटो आणि मिरची सर्वांत वरच्या वाफ्यात लावावी, तिथं पाणी कमी साठतं.

पाऊस ओसरल्यावर या जमिनीचं खरं देणं सुरू होतं. मेथी, पालक, शेपू, वांगी, घेवडा, पावटा यांना साठलेली ओल पुरते आणि पाणी फार द्यावं लागत नाही. गाजराला भुसभुशीत माती लागते, म्हणून त्याची पाळी दोन-तीन वर्षांनी. हिवाळ्यात दक्षिणेकडे कललेल्या उताराला ऊन जास्त मिळतं. रात्री थंड, जड हवा उतारावरून खाली सरकते, त्यामुळे खालच्या वाफ्यांत गारठा अधिक असतो. तिथं थंडी मानवणारी मेथी, मटार लावावेत. एका गुंठ्यात दोन हवामानं मिळतात, ही सपाट रानात न मिळणारी श्रीमंती आहे.

आणि वाफा कधीही उघडा ठेवू नये. पालापाचोळ्याचं चार बोटं जाड आच्छादन ताशी ३० किलोमीटरच्या थेंबाला वरच्यावर अडवतं, भेगा कमी करतं आणि गांडुळांना खाऊ घालतं.

तुमच्या घरामागे अशी जागा असेल, तर ती विकून सपाट जागा शोधू नका आणि जेसीबीही बोलावू नका. पहिल्या वर्षी एकच वाफा करा, पण तो ढाळ मोजून करा. पावसात छत्री घेऊन पाणी कुठून येतं, कुठं थांबतं, कुठून जातं ते पाहा. पुढचा वाफा कुठं घ्यायचा, हे त्यावरूनच ठरवा.